टेकडी वाचवायची तर आधी सातबारा वाचा

नाशिकच्या कुठल्याही टेकडीच्या पायथ्याशी सकाळी सहा-साडेसहाला गेलात, तर फिरायला आलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "ही टेकडी वाचवायला पाहिजे हो." पांडवलेणीला म्हणतात, चामरलेणीला म्हणतात, रामशेजच्या वाटेवरही म्हणतात. मग व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, आषाढात रोपं लागतात, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन जातं, त्याचा फोटो पेपरात येतो. बहुतेकांचा उत्साह इथवर पुरतो. आणि एके दिवशी कळतं की टेकडीच्या मागच्या अंगाला पोकलेन लागलाय, मुरूम उचलला जातोय.

यात कोणाची कळकळ कमी पडते असं मला वाटत नाही. गोम वेगळीच आहे. ज्या जमिनीला आपण मोकळी म्हणतो ती कोणाच्या तरी नावावर असते आणि ती कशी राखायची हे त्या नावावरून ठरतं. कायदे आहेत, चांगले आहेत, त्यांची उदाहरणंही आपल्याच जिल्ह्यात आहेत. पण गायरानाला वनाचा कायदा आणि खासगी उताराला गायरानाचा नियम लावायला गेलं, की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत बसतो. म्हणून सातबाऱ्यापासून सुरुवात करू आणि पायवाटेपर्यंत येऊ. वाटेला शेवटी ठेवलंय ते कमी महत्त्वाची म्हणून नव्हे. नीट आखलेली, रोज लोकांच्या पायाखालची वाट हीच राखणीची सगळ्यात स्वस्त तरतूद आहे असं माझं मत आहे, आणि ते पटवायला आधीचं सगळं सांगावं लागतं.

कोणाची टेकडी?

टेकडी ज्या गावच्या शिवारात येते, तिथले गट नंबर शोधा. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो, गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. एकाच टेकडीचे चार-पाच गट निघाले तर दचकू नका. माथा वनखात्याचा, मधला पट्टा गायरान, पायथा शेतकऱ्यांचा, अशी उतरंड आपल्याकडे नेहमीची आहे.

भोगवटादाराच्या रकान्यात 'राखीव वन' किंवा 'वनविभाग' असेल, तर जमिनीला भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू होतो. तिचा वनेतर वापर करायचा तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. कागदावर ही सगळ्यात सुरक्षित जमीन. मेख एकच, की वनखात्याच्या जुन्या अधिसूचनेत जमीन राखीव वन म्हणून असते, पण तिचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, महसुली दप्तरात ओढलाच गेलेला नसतो. त्यामुळे वनखात्याच्या नकाशातला कक्ष क्रमांक आणि सातबाऱ्यावरचा गट नंबर ताडून बघा. जुळत नसतील तर पहिला अर्ज रोपांसाठी देऊ नका, फेरफारासाठी द्या. दहा हजार झाडांनी होणार नाही ते काम त्या एका नोंदीनं होतं.

'सरकार' आणि इतर अधिकारात 'गुरचरण' असं दिसलं, तर मालकी शासनाची, वहिवाट गावाची. गायरानावर सगळ्यांचाच डोळा असतो. कचरा डेपो हवा, सौर प्रकल्प हवा, क्रीडांगण हवं, जागा कुठे? गायरानात. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायच्या योजना सर्व राज्यांनी कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जानेवारीत जगपाल सिंग खटल्यात दिला. त्याला धरून महाराष्ट्र शासनाचा १२ जुलै २०११ चा निर्णय आहे. हे दोन्ही कागद जवळ असावेत, पण त्यांच्याहून जास्त जोर ग्रामसभेच्या ठरावाचा. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके आणि त्र्यंबक, दिंडोरी, इगतपुरी, बागलाणचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे ग्रामसभेला डावलून काहीच करता येत नाही, करूही नये.

तिसरा प्रकार खासगी. उताराची जमीन बहुधा सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून पडलेली असते. तिच्यात पीक निघत नाही, म्हणून शेतकरी ती मुरमाला देतो किंवा फार्महाऊसवाल्याला विकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मुलीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज पोटखराब्यातूनच फिटत असेल, तर तो तुमच्या सकाळच्या हवेसाठी का थांबेल? राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे, हे खरं. म्हणूनच कधीकधी आधी उतार सपाट होतो आणि मग नकाशा मंजुरीला जातो. मुरूम हे गौण खनिज आहे, त्याच्या उत्खननाला महसूल खात्याची परवानगी लागते. लक्ष ठेवायचं ते या टप्प्यावर, बांधकामाच्या टप्प्यावर गेलात तर उशीर झालेला असतो.

शहराच्या हद्दीतल्या जागेवर विकास आराखड्यात उद्यानाचं किंवा हरित पट्ट्याचं आरक्षण असू शकतं. त्यावर फार विसंबू नका. दहा वर्षांत भूसंपादन झालं नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देतो आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण आपोआप रद्द होतं.

बोरगडानं काय केलं

दिंडोरी रस्त्यानं जाताना रामशेजच्या पलीकडे बोरगडाचा डोंगर दिसतो. ५ मार्च २००८ रोजी तो 'संवर्धन राखीव' म्हणून जाहीर झाला. महाराष्ट्रातलं या प्रकारचं हे पहिलं क्षेत्र. आकार लहानसाच, सुमारे साडेतीन चौरस किलोमीटर. एकेकाळी बोडका झालेला हा डोंगर वनखातं, नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक ही संस्था आणि पायथ्याचे गावकरी यांनी मिळून सांभाळला आणि दर्जा मिळाला तो त्यानंतर. हा क्रम लक्षात घ्या. आधी राखण, मागून कागद.

संवर्धन राखीव ही सोय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीनं आली. त्याआधी कायद्यात मुख्यतः राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हे दोनच मोठे दर्जे होते. दोन्ही कडक, दोन्हींत माणसाचा वावर ही अडचण मानलेली. गावाला लागून असलेल्या टेकडीवर असला दर्जा आणायचा म्हटलं की गाव विरोधात जाणार, आणि त्याचं चुकतं असंही नाही. नव्या कलमांनी मधला मार्ग काढला. सरकारी मालकीची जमीन, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून, संवर्धन राखीव म्हणून जाहीर करता येते आणि आत राहणाऱ्यांचे हक्क शाबूत राहतात.

फिरणाऱ्यांच्या दृष्टीनं यातला एक तपशील फार मोलाचा आहे. अभयारण्यात शिरायला परवाना लागतो. त्याच कायद्यातली आग लावायला बंदी, प्राण्यांना छेडायला आणि कचरा टाकायला बंदी, घातक पदार्थ वापरायला बंदी, ही कलमं संवर्धन राखीवला लावली आहेत; प्रवेश परवान्याचं कलम मात्र लावलेलं नाही. म्हणजे माणसांनी चालावं आणि जनावरांनी राहावं, दोन्हीला कायद्यानं जागा ठेवलीय. (मूळ जमीन राखीव वन असेल तर वन अधिनियमाचे निर्बंध राहतातच. कुदळ-फावडं घेऊन स्वतःच वाट खणायला गेलात तर वनरक्षक तुमच्यावरच गुन्हा नोंदवेल, आणि ते बरोबरच असेल.)

कारभारासाठी एक व्यवस्थापन समिती असते. वनखात्याचा अधिकारी सदस्य-सचिव, क्षेत्र ज्यांच्या हद्दीत येतं त्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एकेक प्रतिनिधी, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या संस्थांचे तीन, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचे एकेक. शेवटच्या दोघांकडे बघून लोक हसतात. पण गुरं कुठे चरणार आणि चाऱ्याचं काय, हा प्रश्न कोणत्याही टेकडीवर पहिल्या तासात येतो आणि त्याचं उत्तर पक्षीनिरीक्षकाकडे नसतं.

बोरगडानंतर जिल्ह्यात याच दर्जाची आणखी क्षेत्रं झाली. येवला तालुक्यातलं ममदापूर काळविटांसाठी, आणि त्र्यंबकच्या वाटेवरचं अंजनेरी. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत आणि माथ्यावर कंदीलपुष्पाची एक दुर्मीळ जात, जिचं शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका आहे. शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली ती २००६ साली. डोंगरावर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा नाशिककरांनी केलेल्या विरोधात या दोन्हींची नावं होती. शहरातल्या माणसाला डोंगर हवा असतो हे सरकारला नेहमीचंच झालंय. पण अमुक कड्यावर अमुक पक्षी घरटं करतो, ही नोंद फायलीत असली की अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. नोंदी ठेवा, तारखांसकट ठेवा.

सरकारी जमीन नसेल तर 'सामुदायिक राखीव' हा भाऊबंद दर्जा आहे. एखादा मालक किंवा गाव स्वखुशीनं पुढे आला तर खासगी किंवा सामूहिक जमीनही जाहीर होऊ शकते. मेघालय, नागालँडमध्ये हा मार्ग भरपूर वापरलाय, आपल्याकडे फारसा नाही. एकदा जाहीर झालं की समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, त्यामुळे मालक बिचकतात. याखेरीज जैवविविधता कायद्यातलं 'जैवविविधता वारसा स्थळ' आहे, शेजारच्या जळगावात लांडोरखोरीला तो दर्जा मिळालाय. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा सामूहिक वनहक्क, ज्यात राखणीचा अधिकारच ग्रामसभेकडे येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये तो मिळवून दाखवला. आदिवासी गावालगतचा डोंगर असेल तर शहरी गटानं आपला दर्जा मागत बसण्यापेक्षा गावाला त्याचा हक्क मिळवायला मदत करावी, हे मी ठामपणे म्हणेन.

खासगी जमीन आणि अमेरिकन युक्ती

मोकळी जमीन राखून तिच्यातून सार्वजनिक वाटा काढायची पद्धत अमेरिकेत फार रुळली आहे. तिथं ते काम बऱ्याच अंशी 'लँड ट्रस्ट' करतात. मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली स्थापन झालेली संस्था ही त्यातली आद्य. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टनं १८९५ मध्ये तिचाच कित्ता गिरवला. या ट्रस्टांचं एक खास हत्यार आहे: 'कॉन्झर्वेशन ईझमेंट', म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरचा मर्यादित हक्क, आपल्या भाषेत सुविधाधिकार. शेतकरी जमीन विकत नाही, फक्त तिच्यावर बांधकाम करायचा हक्क ट्रस्टला देतो, दान म्हणून किंवा पैसे घेऊन. द्राक्षाचा माल व्यापाऱ्याला दिला तरी बाग आपलीच राहते, तसंच. शेती चालू राहते, वारसांना जमीन मिळते, विकताही येते. पण घरं बांधायचा हक्क कोणाकडेच उरत नाही, कारण ट्रस्ट तो वापरणार नसतो. करार कायमचा, पुढच्या मालकालाही बांधील. बऱ्याच करारांत लोकांना चालायला वाट सोडलेली असते.

हे इथं करता येईल का, असं लोक विचारतात. सरळ नाही. आपल्याकडे भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्याला तो लागू झाला १८९१ मध्ये, योगायोगानं त्याच साली. त्यात सुविधाधिकार मिळतो तो शेजारच्या जमिनीच्या मालकाला, त्याच्या जमिनीच्या उपभोगासाठी. माझ्या विहिरीकडे जायला तुझ्या बांधावरून वाट, असा. पलीकडे स्वतःची जमीनच नसलेल्या संस्थेला दुसऱ्याच्या डोंगरावर असा हक्क घेता येत नाही. अमेरिकेतल्या राज्यांनी त्यासाठी वेगळे कायदे केले, आपण केलेले नाहीत.

मग उरतो सार्वजनिक न्यास. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणजे जमीन एकदा निसर्गरक्षणाच्या उद्देशानं न्यासाकडे आली की विश्वस्तांची मती फिरली तरी तिला कुलूप आहे. अडचण जमीन न्यासाकडे येण्यातच आहे. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ न्यासालाही आडवं येतं आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेचं कलम ३६-अ आहे, आणि ते शिथिल व्हावं असं म्हणणाऱ्या निसर्गप्रेमींपासून मी दोन हात लांब राहतो. गरिबाची जमीन जाऊ नये म्हणून बांधलेली भिंत आहे ती.

व्यवहारात सगळ्यात चालणारा मार्ग साधा आहे. पायथ्याच्या शेतकऱ्याशी नोंदणीकृत भाडेकरार, दरवर्षी ठरलेली रक्कम, बदल्यात उतार न खणण्याची अट आणि वाटेपुरती जागा. हा कायमचा उपाय नव्हे. पण मुरमाच्या एका हंगामाच्या पैशाला तो उत्तर देतो, आणि तेवढ्या वेळात बाकीची लढाई लढता येते.

झाडं लावण्याआधी थोडं थांबा

जमीन वाचली की लोकांचे हात शिवशिवतात. झाडं लावू या! इथं मला थोडं रागावून लिहावं लागतंय.

नाशिकच्या पश्चिमेला इगतपुरी-त्र्यंबककडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पूर्वेला येवल्यात पाचशेच्या घरात. एवढ्या फरकात एकच नमुना चालणं शक्य नाही. पूर्वेकडचं माळरान हे उजाड झालेलं जंगल नव्हे. मारवेल, पवन्या, कुसळीचं गवत आणि मधूनमधून बोरी, हेंकळ, हिवर हीच त्याची पूर्ण वाढलेली अवस्था. काळवीट धावतं ते लांबवर दिसतं म्हणून. धाविक, चंडोल, पखुर्डी हे पक्षी उघड्यावर जमिनीवरच अंडी घालतात. सुमारे ५४ चौरस किलोमीटरच्या ममदापुरात रांगेनं खड्डे खणून गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावलं, तर काळविटाला शिकाऱ्यानं जेवढं हैराण केलं नसतं तेवढं आपण करू. सरकारी नोंदींत मात्र असल्या जमिनीला पडीक म्हणायची सवय जुनी आहे, आणि पडीक म्हटलं की कोणीतरी तिचं भलं करायला निघतंच.

याचा अर्थ कुठेच लावू नये असा नाही. सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर ५ जून २०१५ ला नाशिककरांनी सुमारे ११ हजार देशी झाडं लावली, ती देवराई आज उभी आहे. तिथं वनखात्याची संमती होती आणि लावणाऱ्यांनी नंतर पाणी घालायचं सोडलं नाही. बहुतेक वृक्षारोपणांत नेमकी हीच दुसरी गोष्ट गळते. नियम म्हणून एवढं पुरे: पहिला पावसाळा काहीही न लावता काढा. चराई थोडी आवरली, वणवा अडवला, तर काय आपोआप उगवतं ते बघा. पळस, करवंद, धावडा यांचे फुटवे दिसले तर लावायची गरज कमी. उपटायचं असेल तर घाणेरी भरपूर मिळेल.

वाट

डोंगरावरच्या जुन्या वाटा गुरांनी आणि मोळीवाल्यांनी पाडलेल्या असतात. गावनकाशात पायमार्ग आणि गाडीमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले सापडतात. ती रेषा असेल तर वाटेवरून पुढे होणारी निम्मी भांडणं तिथंच मिटतात, म्हणून नवी वाट आखण्याआधी ती शोधा. माथ्यावर देऊळ असेल तर भाविकांची वहिवाट आहेच, आणि ती तुमच्या समितीपेक्षा जुनी आहे.

वाटेचा खरा शत्रू पाणी. पांडवलेणीसारख्या गजबजलेल्या कुठल्याही टेकडीवर वाटेचं वळण नीट बघा. वळण टाळून सरळ वर चढणाऱ्यांनी मधे एक आडवाट पाडलेली असते. पहिल्या उन्हाळ्यात तिथलं गवत झिजतं, कुसळीच्या मुळ्या उघड्या पडतात. मृगाचा पाऊस आला की वरच्या वळणावरचं पाणी त्या सरळ चरीत उतरतं आणि मुरूम घेऊन खाली जातं. श्रावणापर्यंत चरी वीतभर खोल होते, खाली काळा दगड लागतो, त्यावरून पाय सटकतो. मग लोक तिच्या कडेनं चालतात आणि दुसरी चरी पडते. तीन-चार पावसाळ्यांत एका वाटेच्या जागी बैलगाडी जाईल एवढा लालसर ओरखडा तयार होतो आणि गावात बोललं जातं, काय झीज झालीय डोंगराची.

वाट बांधणाऱ्यांचे याबाबतचे ठोकताळे जगभर सारखे आहेत. डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. सरासरी चढ शंभर फुटांना दहा फुटांच्या आत. वाट उताराला आडवी, समतल चरासारखी वळसे घेत जावी आणि तिचा पृष्ठभाग दरीकडे जरासा कललेला असावा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता वाट ओलांडून निघून जातं. ठरावीक अंतरानं वाट चार पावलं उतरवून परत चढवली की उरलंसुरलं पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडतं. आडवाटेच्या तोंडाशी बाभळीची काटी टाकायची, शेतात टाकतात तशीच. फलकापेक्षा काटी लवकर ऐकली जाते.

सिमेंटच्या पायऱ्या आणि पेव्हर ब्लॉक यांबद्दल काय बोलावं! निधी आला की तो आधी कमानीत जातो, मग पेव्हर ब्लॉकमध्ये, उरला तर सेल्फी पॉइंटमध्ये. डोंगराच्या उतारावर ब्लॉकच्या कडेनं पाणी घुसतं आणि दोन पावसाळ्यांत ब्लॉक दात पडल्यासारखे हलायला लागतात. तोच पैसा दगडी बांधाच्या गवंड्याला द्यावा.

वाट सगळ्यांची म्हटली की कोणी कोणाला वाट द्यायची हे ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या सामाईक वाटांवर रूढ संकेत आहे: सायकलवाल्यानं सगळ्यांना वाट द्यायची, चालणाऱ्यानं घोडेस्वाराला. आपल्याकडे घोडेस्वार नाहीत, गुरं आहेत. मी क्रम असा लावीन. आधी गुरं. मग डोक्यावर मोळी किंवा गवताचा भारा असलेली बाई, कारण तिला बाजूला व्हायला जागाच नसते. मग चढणारा, मग उतरणारा. सायकल शेवटी आणि मोटारसायकल मुळीच नाही. कुत्रं आणायचं तर साखळीत, कारण टिटवीची अंडी वाटेपासून दोन हातांवरही असतात.

वेळ सूर्योदय ते सूर्यास्त. नाशिक परिसरात बिबट्या उसात राहतो, नाल्यात राहतो, टेकडीवर तर असतोच. अंधारात त्याची वाट मोकळी ठेवली तर दोघांचंही बरं चालतं. शिवाय टेकडीचा काही भाग बिनवाटेचाच ठेवायचा. गिधाडांच्या घरट्यांच्या कड्याजवळ हिवाळ्यात दोर लावून उतरणाऱ्यांना पाठवू नये. पठारावर फुलांच्या दिवसांत एकाच आखलेल्या वाटेनं जावं. कंदीलपुष्पाचा कंद जमिनीखाली असतो, आपण त्यावर उभे आहोत हे कळतही नाही.

वणवा, गवत आणि बैठक

फेब्रुवारी ते मे हे परीक्षेचे महिने. वणवा लागण्याची कारणं ठरलेली: कोवळी फूट यावी म्हणून कोणी गवत पेटवतं, कोणाची विडी पडते, कोणाचा बांध जाळताना वारा सुटतो. त्यावर उपाय जाळरेषा, म्हणजे गवत वाळल्यावर, वारे सुटायच्या आत, ठरावीक पट्ट्यातलं गवत कापून-जाळून मोकळं करणं. ते काम हिवाळ्यातच उरकावं लागतं. वाट डोंगराला वळसा घालून जात असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंचं गवत कापलेलं असेल, तर निम्मी जाळरेषा आयती तयार असते. शिवाय रोज चालणारे लोक धूर पहिल्यांदा बघतात, पोकलेनही तेच पहिल्यांदा बघतात. वनरक्षकाकडे एका बीटात अनेक गावं असतात, तो एकटा कुठे कुठे पुरणार? त्याचा फोन नंबर वाटेच्या सुरुवातीला लिहिलेला असावा.

गवताचा हिशोब गावाशी आधीच करायचा. चराईबंदी म्हटलं की गुराखी शत्रू होतो. 'कापा आणि न्या' म्हटलं तर तोच दिवाळीनंतर विळा घेऊन येतो आणि वणव्याचं खाद्य घरी नेतो. शेळीवाल्याचं मात्र यानं भागत नाही. त्याच्यासाठी आळीपाळीनं एखादा तुकडा उघडा ठेवावा लागतो. नांदूरमधमेश्वरला, जिथं गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या पाणथळीला २०२० मध्ये राज्यातला पहिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ हा मान, जाहीर झाला, चापडगावची पोरं दुर्बिणी घेऊन पाहुण्यांना पक्षी दाखवतात आणि चार पैसे मिळवतात. प्रत्येक टेकडीवर तेवढे पर्यटक येणार नाहीत. पण वाट दुरुस्तीची मजुरी, जाळरेषेची मजुरी आणि गवत एवढं जरी पायथ्याच्या गावात राहिलं, तरी समितीच्या बैठकीला माणसं येतात.

बैठक मात्र रविवारी सकाळी अकराला, कॉलेज रोडवरच्या हॉटेलात घेऊ नका. त्या वेळी गुरं डोंगरावर असतात आणि गुराखी त्यांच्यामागे. संध्याकाळी गुरं गोठ्यात बांधून झाली, धारा निघाल्या की गावच्या पारावर घ्या. सातबाऱ्याची आणि गावनकाशाची प्रत बरोबर असू द्या, कारण पहिल्याच दहा मिनिटांत कोणीतरी म्हातारबाबा विचारणार, "पण ही हद्द तुम्ही धरली कुठून?"